मितूचं पन्नास

आमच्या नातीच्या खोलीत जमिनीवर काही म्हणून सापडणार नाही. चपला खिळ्याला, दप्तर खुंटीला, पुस्तकं माळ्यावर. कॉट विटांवर चढवलेली आहे, आणि त्या विटा मीच रचून दिल्यात, चांगलं ओळंबा लावून. कॉटवर चढायला तिला स्टूल लागतं. झोपताना ते स्टूलसुद्धा ती वर ओढून घेते.

नाव संघमित्रा, घरात मितू. वय एकवीस, बीएस्सी पहिल्या वर्गात पास. मी चौथी शिकलेला गवंडी. पण कसबा बावड्यातल्या कितीतरी भिंती माझ्या हातच्या आहेत आणि त्यातली एकही वाकडी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ही पोरगी माझी अब्रू घालवणार आहे.

मोठ्या पुरात आमच्या घरात छातीभर पाणी आलं, तेव्हा ती शाळकरी पोर होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात दोन हजार पन्नास हे साल घर करून बसलंय. तोवर काय वितळणार, काय तापणार, काय बुडणार, सगळं तिला तोंडपाठ. पुरं सालसुद्धा ती म्हणत नाही. नुसतं "पन्नासला".

आईनं लग्नाचा विषय काढला, तर म्हणाली, "पन्नासला पोरं कुठं ठेवू? माळ्यावर?" मी पंख्याखाली बसलेलो असताना येऊन पंखा बंद करते. रविवारी मटणाचा रस्सा भुरकत होतो, तर समोर उभी. "आबा, ह्यानं पृथ्वी तापती."

"मग गार करून खातो की," मी म्हटलं.

एकदा तर तिनं हद्द केली. सिमेंट तयार करताना लय धूर होतो, त्यानंही हवा तापते म्हणाली. चाळीस वर्षं मी दुसरं काय कालवलं? मी विचारलं, "म्हणजे पृथ्वी मीच तापवली व्हय?"

"एकट्यानं न्हाई, आबा," ती म्हणाली, आणि पाठीवरनं हात फिरवला.

एवढं सगळं मी सोसलं. पण यंदा पुण्याला एमएस्सीला तिचा नंबर लागला. आमच्या सगळ्या भावकीत एवढं कुणी शिकलेलं नाही. मी गल्लीत पेढे वाटले. शनिवारपर्यंत मोबाईलवरनं होय म्हणून कळवायचं होतं, आणि ही बाई तोंड फिरवून बसली. "पन्नासला सगळंच बुडणार. शिकून काय करू?" मी ओरडलो, तिच्या बापानं समजावलं, आई दोन दिवस बोलली नाही. पोरगी ढिम्म. हट्टीपणा कुणावर गेलाय असं सून पुटपुटली, ते मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. पावसाळ्यात बंधाऱ्यावरचं पाणी फुटात मोजतात, पण फूट हा शब्द कुणी लावत नाही. "आज किती?" "अडतीस." एवढंच. आणि पन्नास म्हटलं की आमच्या गल्लीत होडी.

शुक्रवारी सकाळी पाऊस धरलेला. मितू दारात उभी राहून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. आमच्यात फोनवर हळू कुणी बोलत नाही. "अगं, पन्नासला बावडा बुडतोय. नक्की हाय. लिहून ठेव." एवढं बोलून ती कॉलेजात पुस्तकं परत करायला गेली.

शेजारचा धोंडीराम म्हशीची धार काढत होता. बादली तशीच टाकून तो उठला.

दहा मिनिटांत गल्ली उठली. गॅसच्या टाक्या, गाद्या, टीव्ही, कोंबड्या, सगळं चढावरच्या शाळेकडं निघालं. पोरगा आणि सून कामावर गेले होते. धोंडीराम माझ्या दारात आला. "आबा, चला की. पन्नास म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"तुमचीच नात. शिकल्याली हाय, उगं बोलंल व्हय?"

"ह्या घराचा पाया मी काढलाय," मी म्हटलं. "पाणी मला विचारून येईल." मी चहा ठेवला. धोंडीरामनं कपाळावर हात मारला आणि म्हशी हाकल्या.

दुपारी ऊन पडलं. मितू परतली ती शाळेवरनंच. व्हरांड्यात म्हशी रवंथ करत होत्या आणि बायका चूल मांडायच्या बेतात होत्या. कुणी उठवलं म्हणून तिनं विचारलं, तर सगळ्यांनी तिच्याकडंच बोट दाखवलं.

"साल हो काका, दोन हजार पन्नास. फूट न्हवं."

धोंडीरामनं जरा हिशोब केला म्हणे. "मग अजून लय येळ हाय की. म्हशी परत न्हेऊ?"

मला वाटलं, घरी येऊन ती पोट धरून हसेल. पण ती दारातच थांबली. तोंड उतरलेलं.

"सगळी गल्ली गेली. तुम्ही का गेला न्हाईसा?"

"पाणी कुठं आलं होतं?"

"येणार न्हाई हे तुम्हाला ठाऊक होतं?"

ठाऊक नव्हतं. मी कप विसळायला घेतला.

"मोठ्या पुरात बाबा ओरडून दमले," ती म्हणाली. "होडीवाले दोनदा येऊन माघारी गेले. तुम्ही कॉटवरनं हलला न्हाईसा. मी रडाय लागले तवा उठलासा. मी पुण्याला गेल्यावर हितं रडाय कोण हाय?"

इतके दिवस मी समजत होतो की पोरीला पृथ्वी अडवून धरतेय.

मी कप पालथा घातला. "पहिल्या हाकेला उठीन," मी म्हटलं. माझ्या तोंडून असलं वाक्य कधी निघालेलं नाही. माझं मलाच ते परक्याचं वाटलं.

"तुमचं काय खरं हाय? आत्ता उठा बघू."

"आत्ता? ऊन पडलंय की."

"पाणी आलंय, आबा. चला."

मी टोपी घातली, दाराला कडी लावली आणि निघालो. गल्ली गाद्या घेऊन चढ उतरत होती आणि आम्ही दोघं चढत होतो. धोंडीराम म्हशींसकट समोर आला. "आबा, आता कुठं? ते साल हाय म्हणत्यात."

"ठाऊक हाय," मी म्हटलं आणि चालत राहिलो. मितू मागनं येत होती. माझा वेग बघत असणार, म्हणून मी मध्ये कुठं टेकलो नाही.

शाळेच्या पायरीवर बसलो. ती शेजारी बसली, मोबाईल काढला आणि पुण्याचं उघडून खाली मान घालून भरायला लागली.

"दमलासा?" तिनं मान वर न करता विचारलं.

मी न्हाई म्हटलं, आणि तिचं भरून होईपर्यंत धाप दाबून बसलो.