अण्णांच्या टाकीचं झाकण

कुठल्याही वस्तूवर भरवसा ठेवण्याआधी तिच्यावर तीन उड्या मारून बघायच्या, ही मगदूम अण्णांची पद्धत होती. आम्ही कोल्हापूरच्या कडेला नवीन घर बांधून राहायला गेलो, तेव्हा शेजारी म्हणून ते पहिल्यांदा घरी आले. मी पलंगाकडे हात करून ‘बसा’ म्हटलं. अण्णांनी वहाणा काढल्या, धोतर सावरलं, पलंगावर चढले आणि तीन उड्या मारल्या. माझ्या सासऱ्यांनी दिलेला पलंग आयुष्यात पहिल्यांदाच कुरकुरला. ‘‘बरा हाय,’’ असं म्हणून ते मग त्यावर बसले. माझी बायको कुसुम चहा घेऊन दारातच थबकली होती. त्या दिवसापासून ती अण्णांकडे जरा संशयानंच बघायची.

अण्णांनी सगळी नोकरी राधानगरीला धरणावर काढली. रोज पाण्याची उंची बघायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. पाणी चढलं, पाणी उतरलं, यापलीकडे माणसाच्या आयुष्यात काही घडत असेल असं त्यांना वाटत नसावं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मागे नातेवाईक म्हणजे मुरगूडला दिलेली एक थोरली बहीण. त्यांना ते आक्का म्हणत. आई गेल्यावर आक्कांनीच अण्णांना लहानाचं मोठं केलं होतं.

धरणावरून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक पेन्शन आणि दुसरं एक वाक्य : ‘‘पाण्याला वळख न्हाय.’’ पाणी कुणालाच ओळखत नाही, ना पोहणाऱ्याला ना साहेबाला, असा त्याचा अर्थ. पण ते वाक्य अण्णा कुठेही वापरत. दुधात पाणी जास्त झालं, पावसानं छत गळलं, नळ गेला, सगळ्याला एकच उत्तर. एकदा आमच्या शाळेचा निकाल कमी लागला, तेव्हाही त्यांनी मला हेच ऐकवलं. मी गणित शिकवतो, पण त्याचा संबंध मला अजून लावता आलेला नाही.

घर बांधताना अण्णांनी पायासाठी दगड-मुरूम आपल्याच घरामागच्या परड्यातून काढला. त्यामुळे तिथे वीस फूट लांब, बारा फूट रुंद खड्डा पडला. मागे उसाची शेतं. उसाला पाणी पाजलं की खड्डा पाझरानं भरायचा. उपसला तरी दोन दिवसांत पुन्हा गळ्याइतकं पाणी. दुसऱ्या कुणीही तो बुजवून टाकला असता. अण्णांनी त्याच्या बाजू बांधून घेतल्या, पायऱ्या केल्या आणि गल्लीत जाहीर केलं, की हा स्विमिंग टँक आहे.

‘‘गल्लीतल्या समद्या पोरांस्नी पवायला शिकवणार,’’ ते म्हणाले. ‘‘कमरंला भोपळा बांधायचा की झालं.’’

गल्लीनं त्याला टाकी म्हणायला सुरुवात केली. मोकळी जागा असलेलं परडं तेवढं एकच, त्यामुळे गल्लीतली सातही पोरं आधीपासूनच तिथे पडीक असायची. आता तर ती जेवायलासुद्धा घरी येईनात. आमची सहा वर्षांची मनी त्यात पुढे. अण्णा कडेला बसून नजर ठेवायचे. पण एक दिवस त्यांना शंका आली, की आपण आत चहा करायला गेलो आणि तेवढ्यात कुणी पडलं तर? टाकीला झाकण हवं.

पाणी ही एकच वस्तू अशी, की जिच्यावर तीन उड्या मारून काही निष्पन्न होत नाही. म्हणून की काय, झाकणाच्या बाबतीत अण्णांचं डोकं पहिल्यापासूनच बिघडलं. ते पेठ वडगावला गेले आणि बैलगाडीत घालून एक जुनी काहील घेऊन आले. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी परात. चांगली आठ-नऊ फुटी. चार गड्यांनी ती उचलून पाण्यावर ठेवली.

‘‘झालं टोपान,’’ अण्णा म्हणाले.

‘‘आणि कडेनं एवढं उघडं राहिलं ते?’’ मी विचारलं.

‘‘मधी जागा असताना कडंला पडाय कोन जातंय, मास्तर?’’

कडांचं सोडा. आपल्याकडे पूर आला की लोक काहिलीत बसून पैलतीराला जातात. अण्णांनी स्वतः राधानगरीच्या बाजूला अशी माणसं पार नेली होती. असं असताना पाण्यावर ठेवलेली काहील तरंगणार आणि पोरं तिची नाव करणार, हे त्यांच्या कसं लक्षात आलं नाही देव जाणे. दुसऱ्या दिवशी कुसुमनं कुंपणावरून सहज डोकावलं, तर टाकीच्या मधोमध काहील गोल फिरतेय, आत चार पोरं, आणि आमची मनी आमच्याच आमटीच्या पळीनं वल्हवतेय. अण्णा आत चहा गाळत होते.

कुसुमची किंकाळी ऐकून ते गाळणं हातात घेऊनच बाहेर आले. पोरं सुखरूप काठाला लागली. पण संध्याकाळी गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या आणि ठराव झाला : आजपासून एकाही पोरानं मगदुमांच्या परड्यात पाऊल टाकायचं नाही. ठराव सांगायला कुसुम स्वतः गेली. अण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

‘‘झाकान पक्कं केलं तर?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

‘‘ते मी बघून ठरवीन,’’ कुसुम म्हणाली.

झालं. तिथून पुढे अण्णांना दुसरा विषय राहिला नाही. ‘‘वैनींनी पास कराय पायजे’’ हे नवीन वाक्य सुरू झालं. मी सुचवलं, टाकीभोवती सरळ कुंपण घाला. ते हसले. ‘‘पोरं कुपनाला भित्यात व्हय? कुपान म्हंजे पोरांस्नी आवतान.’’ मग एका वेल्डरनं लोखंडी जाळीचं दार करून दिलं. त्यावर अण्णांनी तीन उड्या मारल्या, जाळी तसूभर हलली नाही. तरी दुपारी त्यांनी ती परत पाठवली.

‘‘का हो?’’

‘‘मला एकट्याला उचलंना. आन् जे उचलायचा कटाळा येतो, मास्तर, ते एक ना एक दिस तसंच उघडं ऱ्हातंय.’’

हे मात्र मला पटलं. अण्णांच्या डोक्यात मधूनच असं काहीतरी लख्ख उगवायचं.

त्यानंतर ट्रकची ताडपत्री आली. उचलायला हलकी, कोपऱ्यांना दोऱ्या. चार दिवस अण्णा खुशीत होते. मग पाऊस लागला. ताडपत्रीचा मध्यभाग खाली बसला आणि टाकीवर दुसरी टाकी तयार झाली. त्यात बेडूक झाले. कुणाची तरी म्हैस येऊन पाणी पिऊन गेली. पाणी गुडघाभरच, पण खालचं कापड निसरडं. अण्णांनी एक पाय टाकला आणि घसरून बसले. ‘‘वरचं पाणी खालच्यापक्षा वंगाळ,’’ असा निकाल देऊन त्यांनी तीही काढली.

या सगळ्या काळात अण्णा घर सोडून कुठे म्हणून गेले नाहीत. मी त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावलं, ‘‘येळ न्हाय.’’ कुसुमच्या भावाचं लग्न होतं, ‘‘येळ न्हाय.’’ रिटायर्ड माणसाला कसला आलाय वेळ नसायला? सकाळी भाजी घ्यायची ती दारावर. बाकी दिवसभर परड्यात पाण्याकडे बघत बसायचं. धरण सुटलं, पण बसण्याची सवय सुटली नाही, असं मी कुसुमला म्हणायचो.

एकदा त्यांनी मला मुरगूडहून भाच्यानं पाठवलेलं कार्ड दाखवलं. आक्का अंथरुणाला खिळल्यात, तुमची आठवण काढतात, एकदा येऊन जावा, असं त्यात होतं.

‘‘मग जाऊन या की, अण्णा,’’ मी म्हणालो.

‘‘जाईन की. झाकनाचं मार्गी लागू द्या.’’

त्यानंतर आणखी दोन कार्डं आली. उत्तर तेच. मुरगूडची एस.टी. तासाभरात पोचवते. ज्या बहिणीनं वाढवलं तिच्यापेक्षा या माणसाला खड्ड्यावरचं झाकण मोठं वाटतं, याचा मला मनापासून राग आला. ‘‘दगड आहे नुसता,’’ मी घरी येऊन म्हणालो. कुसुमला तर तेवढंच हवं होतं.

शेवटी अण्णांना उपाय सापडला तो आमच्याच ओट्यावर. दस्तगीरभाई आमची बाज विणायला आले होते. बाज पूर्ण झाली तशी अण्णांनी तिच्यावर तीन उड्या मारल्या आणि खाली उतरायचं विसरून तसेच उभे राहिले.

‘‘दस्तगीर, ही बाज वीस फूट बाय बारा फूट इणली तर?’’

‘‘एवढ्या बाजंवर झोपनार कोन, अण्णा?’’

‘‘कोनबी न्हाय. खाली पानी हाय.’’

दस्तगीरभाईंनी काम घेतलं. लोखंडी नळ्यांची चौकट, तिचे तीन तुकडे, एकट्यानं उचलता येतील असे. त्यावर नायलॉनच्या दोरीची वीण. पावसाचं पाणी वर साठायला नको, खाली निघून जावं. ऊन, पाऊस, काही लागू नये. विणून झाल्यावर अण्णांनी त्यावर नुसत्या उड्याच मारल्या नाहीत, तर ते झोपून कुशीवरही वळले. मग त्यांनी बायकांना हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं. विधुरानं हळदीकुंकू करावं का, यावर गल्लीत थोडी चर्चा झाली, पण गेल्या सगळ्याच.

कुसुमनं टाकीची पूजा केली. मग हातातला नारळ तिनं एकदा पाहिला, एकदा जाळी पाहिली, आणि नारळ दोरीच्या दोन पदरांमध्ये ठेवून वरून हलका दाब दिला. डुबुक्‌!

‘‘नारळ जातो, अण्णा,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘पोराचा पाय तर सहज जाईल.’’

पुऱ्या जाळीवर अण्णांनी उड्या मारल्या होत्या, पण पाय त्यांचे. लहान पायाचा विचार कुणी केलाच नव्हता. त्यांनी कुसुमला हात जोडले आणि दस्तगीरभाईंना म्हणाले, ‘‘उसव समदं.’’

‘‘अण्णा, दीड म्हयना इणतोय की ओ मी!’’

‘‘पुन्ना दीड म्हयना इण. लिंबू बी जाता कामा न्हाय.’’

दुसऱ्या वेळी कुसुम लिंबू घेऊन गेली. लिंबू अडकलं. तिनं साडी खोचली, स्वतः जाळीवर मधोमध जाऊन उभी राहिली, चौकट काठाला अडकवणारे लोखंडी आकडे एकेक ओढून पाहिले आणि म्हणाली, ‘‘पास.’’ अण्णांचा चेहरा मॅट्रिकचा निकाल लागल्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते आमच्या दारात उभे. अंगात कोट, डोक्याला रुमाल, हातात पिशवी.

‘‘वैनी, जरा मुरगूडला जाऊन येतो. आज मुक्काम पडंल.’’

‘‘जा की अण्णा. पण इतके महिने का नाही गेलात हो?’’ कुसुमनं विचारलंच. ‘‘तीन तीन कार्डं आली.’’

‘‘उघडं पानी टाकून कसं जायाचं?’’

‘‘पण मुलं कुठे येत होती? आम्ही तर बंदी केली होती.’’

अण्णा घुटमळले. मग चप्पल घालायच्या निमित्तानं खाली बघत म्हणाले, ‘‘बंदी तुमी केलती. पोरांनी कुठं पाळली? रोज दुपारी उसातनं येत्यात. सातच्या सात. मी काठाला बसून ऱ्हायलो, बस्स.’’

कुसुम दाराला धरून उभी राहिली. रोज दुपारी तिचा डोळा लागायचा, आणि मनी शेजारच्या मैत्रिणीकडे भातुकली खेळायला जायची, असं आम्ही समजत होतो.

‘‘मग सांगायचं होतंत आम्हाला!’’

‘‘सांगितलं असतं तर मार खाल्ला असता की लेकरांनी. आन् परत उसातनं आलीच असती, माझी नदर चुकवून. त्यापक्षा हे बरं. ...बराय, गाडी चुकंल.’’

ते गेले. कुसुम मनीला ओरडलीसुद्धा नाही. मी ज्या माणसाला दगड म्हणालो होतो, तो वर्षभर उन्हापावसात माझी मुलगी सांभाळत बसला होता, आणि त्यापायी आजारी बहिणीकडेही गेला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

अण्णा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. कुसुमनं त्यांना जेवायलाच बसवलं. भाकरी वाढताना तिनं विचारलं, ‘‘ओळखलं का आक्कांनी?’’

‘‘वळखलं की. हात धरून म्हनली, एवढं दिस कुठं हुतास? मी म्हनलो, आक्का, पोरं सांभाळत हुतो.’’ अण्णांनी घास खाली ठेवला. ‘‘तर म्हंती, तुला रं कुठली पोरं?’’

कुसुमचा वाढता हात थांबला.

‘‘मग काय सांगितलंत, अण्णा?’’ मी विचारलं.

‘‘काय सांगायचं? नावं सांगितली एकेक,’’ अण्णा म्हणाले. ‘‘सातबी. पयलं मनीचं.’’