वळचणीला खोचलेला तीर

मुर्रीच्या शाळेतले दुधराम मास्तर यंदा अर्जुन होणार हे ठरलं, तेव्हा मास्तरांखेरीज सगळ्या गावाला आनंद झाला. दरवर्षीचा अर्जुन रेल्वेत खलाशी होऊन डोंगरगडला निघून गेला होता. गावची जत्रा, मंडई, तोंडावर आलेली. आणि द्रौपदी-स्वयंवराच्या दंडारीतलं, मंडईत होणाऱ्या त्या नाटकातलं, वाक्य न् वाक्य पाठ असलेला माणूस गावात एकच होता. कारण मागे बसून इतरांना ती वाक्यं तोच पुरवत असे.

"पण लोकांसमोर... मी..." मास्तर म्हणाले.

"लोकांकडं पाहूच नका जी," दंडारीचे प्रमुख टेकचंद म्हणाले. "मासोळीकडं पाहा. अन् यंदा मासोळी खरोखर पडली पायजे. मागच्या साली तीर अर्जुनाच्याच पायावर पडला. लोकं सालभर हासले."

लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं होतं, म्हणून दंडार भर दुपारी होती. अंधाराचा आडोसाही नव्हता.

तीर चालवायला शिकवण्याचं काम फागूकडे आलं. फागूचं बालपण जंगलात गेलं होतं, आणि त्याचा नातू मास्तरांच्या वर्गात रोज ओणवा उभा असे. तेव्हा फागू ही संधी सोडणार नव्हता. त्याने मास्तरांच्या अंगणात भाताच्या तणसीचा ढीग रचला, हातात धनुष्य दिलं आणि छडी घेऊन उभा राहिला.

"पाय आडवे. खांदा खाली. खाली म्हनलं ना मास्तर, कान बहिरे हायेत का? दोरी गालाले लागू द्या. आता श्वास धरा. अन् सोडताना हात झटकायचा नाही. बोटं फक्त इसरून जायची."

मास्तरांनी खांदा खाली घेतला, श्वास धरला. नेमक्या त्याच वेळी कुंपणापलीकडे बांगड्या वाजल्या. मास्तरांची मान जराशी वळली, बोटं सारं काही विसरली आणि तीर कुंपणावरून पलीकडे गेला.

"मास्तर!" पलीकडून आवाज आला. "तुमचा पाव्हणा आला जी! दोडक्याच्या वेलात बसला हाय."

ती शामकला. नवरा वारल्यावर सासूजवळ, धुरपताबाईजवळ राहायची. मास्तरही बरीच वर्षं एकटेच होते. शेजार जुना, पण दोघांत आजवर बोलणं झालं होतं ते पावसापाण्याचं.

मास्तर तीर आणायला गेले. दुसऱ्या दिवशीही जावं लागलं. तिराच्या टोकाला पात्याऐवजी लाखेचा गोळा होता, तरी त्याने माठ फोडला. मास्तरांनी ओशाळून गोंदियाच्या बाजारातून नवा माठ आणला, तो घडवंचीवर मावेना. घडवंची मोठी करायला मास्तर हातोडी घेऊन गेले, तर हातोडी बोटावर बसली. बोटाला हळद लावून शामकलाने उकडलेल्या शिंगाड्यांची वाटी पुढे ठेवली. मास्तरांनी सगळे शिंगाडे खाल्ले आणि जाताना म्हणाले, "पाऊस गेला बहुतेक."

"दिवाळी झाली जी, मास्तर," शामकला म्हणाली, आणि पदराआड हसली.

त्यानंतर तर एकही तीर तणसीला लागेना. टेकचंद पाहायला आले आणि कपाळाला हात लावून बसले. "मासोळी इकडं राहील मास्तर! तीर तिकडंच काऊन जाऊन राहिला?"

"वारा हाय," फागू ठामपणे म्हणाला. त्याने तो ढीग उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला रचला आणि मास्तरांना कुंपणाकडे पाठ करून उभं केलं.

तीर थेट तणसीत घुसला. दुसराही. तिसराही.

"पाहा! मी म्हनलो होतो, वारा!"

मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. पण संध्याकाळी कुंपणाजवळ ते उगाचच थांबले. पलीकडे धुरपताबाई सूप पाखडत होत्या.

"काऊन मास्तर, आजकाल तीर नाही येऊन राहिला? शिकलात वाटते," त्या म्हणाल्या. "चांगलं झालं. मंडईच्या दुसऱ्या रोजी शामकलेचा भाऊ येते तिरोड्याहून. तिच्या पाटाची गोष्ट घेऊन. मीच म्हनलं, पोरीनं दुसरा संसार करावा. माह्यासाठी कायले जिंदगी काढते?"

मास्तरांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. ते म्हणाले, "थंडी पडेल आता."

मंडईच्या दुपारी बायका त्यांच्या पाठीमागे बसल्या होत्या, त्यामुळे मासोळी पहिल्याच तिराला पडली. गाव उभं राहून ओरडलं. टेकचंदांच्या डोळ्यांत पाणी आलं. मिशा भादरलेल्या द्रौपदीने माळ घातली, तरी अर्जुनाचा चेहरा मात्र मयत घरात असल्यासारखा होता.

दुसऱ्या सकाळी मास्तरांनी तणसीचा ढीग परत जुन्या जागी आणला आणि धनुष्य उचललं. सरळ कुंपणावर नेम धरणं त्यांना शोभत नव्हतं. तीर चुकून जायला हवा होता. पलीकडे बांगड्या वाजल्या. त्यांनी मान पुरती वळवली, तीर सोडला. तणसीत. हात झटकून पाहिला. तणसीत. डोळे मिटले. तणसीच्या ऐन मध्यावर. फागूने शिकवलेलं आता हाताला विसरता येईना.

रस्त्यावर बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आला. मास्तर धनुष्य टेकून मटकन खाली बसले.

कुंपणाचा झापा करकरला. शामकला आत आली, तणसीपाशी गेली आणि तिने तीर उपटून घेतला.

"चुकवताबी येत नाही तुम्हाले," ती म्हणाली. तीर घेऊन ती परत गेली आणि स्वतःच्या घराच्या वळचणीला तिने तो, सगळ्यांना दिसेल असा, खोचून ठेवला. "न्यायला या जी. भाऊ ईचारल, कोनाचा म्हणून. मी नाही सांगनार."

गाडी थांबली. भाऊ उतरला, धुरपताबाईंच्या पाया पडला आणि त्याची नजर वळचणीकडे गेली.

"हा कोनाचा तीर?"

झाप्यातून मास्तर आत येत होते. चपला घालायच्या राहिल्या होत्या. पाय आडवे पडत होते. त्यांनी खांदा खाली घेतला, श्वास धरला.

"माझा," ते म्हणाले.

"इकडं कसा आला? नेम चुकला का जी?"

मास्तरांनी या वेळी शामकलाकडे नीट पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "बरोबर लागला."