डावखुरी बंदूक

दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या इमारतीत राहणारे दामलेकाका गेली काही वर्षं हरणाच्या शिकारीसाठी रायफल निवडत आहेत. घेत नाहीत, निवडत आहेत. काका शुद्ध शाकाहारी. घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढून काकूंना हाक मारतात. ते राहतात त्या देशात त्यांना रायफलचा परवाना मिळण्याची शक्यता नाही आणि ज्या देशाचा पासपोर्ट खिशात आहे, तिथे हरीण मारलं तर तुरुंग.

रायफल त्यांच्या मुलासाठी आहे. नीरज दुबईत वाढला, आता कॅनडात असतो. एकदा फोनवर तो सहज म्हणाला, ‘‘कम इन द फॉल, बाबा. वी विल गो फॉर डिअर.’’ अशी आमंत्रणं लोक फोन ठेवायच्या आधी देतात. काकांनी ते लावून धरलं. रायफल बापाकडून. निवड इथे, हाताळून. खरेदी तिथे, त्याच्या परवान्यावर. ‘‘बाप-लेकाने एकत्र असं काही केलेलंच नाही रे गिरीश,’’ असं ते मला लिफ्टमध्ये म्हणाले. मी चौदाव्या मजल्यावर राहतो, त्यामुळे सुटका नव्हती.

काका एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एसीच्या डक्टची एस्टिमेट्स काढतात. तीन कोटेशनं आल्याशिवाय ते खजूरही घेत नाहीत. बंदुकीबद्दलचं त्यांचं ज्ञान यूट्यूबवरून आलेलं आहे आणि यूट्यूबपेक्षा जास्त वेळ चालतं. रायफल स्वस्त हवी, पण स्वस्तातली नको. शंभर यार्डांवर मारलेल्या तीन गोळ्या एका दिरहमच्या नाण्याखाली झाकल्या पाहिजेत. ‘‘म्हणजे रुपयांत सांगायचं तर,’’ काका हिशेब करून म्हणतात, ‘‘आपल्या पाचच्या नाण्याखाली.’’ नाण्याचा आकारही रुपयांत बदलून सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण काकांची एक अट होती: रायफल डावखुरीच हवी. गोळी भरायला मागेपुढे करायची दांडी, म्हणजे बोल्ट, बहुतेक रायफलींना उजवीकडे असतो. डावीकडचा बोल्ट क्वचित मिळतो आणि मिळाला तर महाग पडतो. त्यामुळे निवड दरवर्षी तिथेच अडायची. काका स्वतः उजवे. त्यांच्या घरात डावखुरं कोणी मी पाहिलेलं नव्हतं. मी ही अट खरेदी टाळायची युक्ती समजत होतो. एस्टिमेट काढणाऱ्यांना अशा युक्त्या येतात.

अबू धाबीला दरवर्षी शिकारीच्या सामानाचं प्रदर्शन भरतं. माझ्याकडे गाडी आहे, या एकाच गुणावर माझी निवड व्हायची. तिथे गेल्यावर काका रायफलीला स्वतः खांदा लावत नसत. ‘‘गिरीश, तू धर. तू त्याच्या उंचीचा आहेस. डाव्या खांद्याला!’’ मी डाव्या खांद्याला रायफल लावून बावळटासारखा उभा राहायचो आणि काका दोन पावलं मागे जाऊन शिंप्यासारखे बघायचे. ‘‘नेम मापात असतो. खांद्याला बसली पाहिजे.’’

यंदा स्टॉलवरचा पेशावरचा विक्रेता वैतागला. ‘‘अंकल, आप राइट हँड, ये भाईसाब राइट हँड. लेफ्ट किसके लिए?’’

‘‘मेरे बेटे के लिए, हबीबी. वो पैदाइशी लेफ्टी है.’’

विक्रेता आत शोधायला गेला. मी बाकावर पाणी पीत बसलेल्या काकूंना म्हणालो, ‘‘काकू, नीरज डावखुरा कधी झाला? मी त्याला उजव्या हाताने जेवताना पाहिलंय.’’

‘‘जेवेल नाही तर काय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘डाव्या हातात चमचा दिसला की हे टेबलावर टिचकी मारायचे. ‘उजवा!’ बर दुबई भागातल्या देवळात तीर्थाला त्याने डावा हात पुढे केला, तर सगळ्यांसमोर मागे ओढला यांनी. पेन्सिलीचंही तेच. पोरगं टिचकीच्या आवाजाला दचकायला लागलं होतं. आणि आता बघा, जगभर डावी बंदूक शोधतायत.’’

तेवढ्यात विक्रेता एक रायफल घेऊन आला. बोल्ट डावीकडे. नेमाची हमी. किंमत काकांच्या बजेटात. काकांनी ती दोनदा विचारून घेतली आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. कॅनडात सकाळ होती. नीरज कॉफी पीत होता.

‘‘नीरज, मिळाली रे! आता मॉडेल सांगतो, तू तिथे बघ. डावी!’’

‘‘ओह, बाबा. मी बोललो नाही का? आय ऑलरेडी बॉट वन. फ्रेंड्सबरोबर जातोय ना नेक्स्ट वीक.’’

काकांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. ‘‘डावी घेतलीस ना?’’

‘‘लेफ्टी? नो, राइट-हँडेड. लेफ्टने मला काहीच जमत नाही, बाबा. यू नो दॅट.’’

तो हसत होता. त्याच्या आवाजात कसलीही तक्रार नव्हती.

‘‘छान,’’ काका म्हणाले. ‘‘खांद्याला बसते ना?’’

‘‘परफेक्ट.’’

‘‘मग झालं.’’

फोन खिशात गेला. मी गाडीची किल्ली काढली. विक्रेता म्हणाला, ‘‘खलास, अंकल? रख दूँ?’’

‘‘एक मिनिट,’’ काका म्हणाले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रायफल स्वतः उचलली. डाव्या खांद्याला लावली. ती बसेना. कोपर कुठे जावं ते त्यांना कळत नव्हतं, डावं बोट खटका चाचपत होतं, नळी हलत होती. ‘काका, उजव्या खांद्याला घ्या,’ असं मी म्हणणार होतो.

‘‘आँख कौन सी बंद करनी है?’’ काकांनी विचारलं.

‘‘राइटवाली, अंकल.’’

काकांनी उजवा डोळा मिटला. आणि नळी हलायची थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले. ती थांबत नव्हती.