काटा गरम, गाडी थंड

"मेकॅनिक? एवढ्याशा कामाला?" केशवराव कडाडले. "आत्ता सेन्सर काढतो, नवा बसवतो आणि तुला थेट पिशोरला सोडतो!"

कालिंदीबाईंनी घड्याळ पाहिलं. दुपारी पिशोरला भावाच्या मुलीचा साखरपुडा, आणि आत्या आल्याशिवाय ओटी भरायची नाही असा भावाचा निरोप.

गाडीचं दुखणं विचित्र होतं. किल्ली फिरवली की तापमानाचा काटा टुणकन लालात! रात्रभर गारठलेलं इंजिन सकाळी उकळेल कसं? गुन्हेगार केशवरावांनी ठरवूनच टाकला होता: इंजिनातल्या पाण्याचा ताप मोजणारा सेन्सर. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओही पाहिला होता. अर्धा.

त्यांनी सेन्सरची तार काढली, पाना लावला आणि जोर केला. आधी पाणी काढून घ्या, हे व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्यात होतं! इंजिन थंड ठेवणारं हिरवंगार कूलंट भळाभळा वाहत गेटबाहेर गेलं.

छावणीपलीकडची नवी कॉलनी ती. फ्लॅट आले होते, नळाला पाणी यायचं होतं, त्यात दुष्काळ. शेजारच्या चंपाबाई हंडा घेऊन धावल्या. मागं अख्खी गल्ली!

"पिऊ नका! विष आहे!" केशवराव ओरडले.

"ऱ्हाऊ द्या! टँकरच्या पाण्यापरीस लई बरं दिसतंय."

केशवरावांनी हंडा धरला, चंपाबाईंनी ओढला. तेवढ्यात गाडीत बसलेल्या कालिंदीबाईंनी किल्ली फिरवली.

"अहो, सेन्सर कुठंय?"

"हा काय, माझ्या हातात!"

"मग काटा कुणाला विचारून चढला?"

केशवरावांचा चेहरा पडला. सेन्सर बिचारा निर्दोष होता. तारच कुठंतरी गाडीच्या लोखंडी बॉडीला टेकून काटा चढवत होती. तिचा माग काढत ते नव्या हॉर्नपाशी पोचले. तो हॉर्न मागच्या रविवारी त्यांनी स्वतः बसवला होता, आणि त्याचा स्क्रू तारेतून आरपार पिळला होता! स्क्रू काढला, काटा मुकाट खाली आला.

"सापडलं! चल, निघू!"

"कशावर? इंजिनात पाणी कुठंय?"

केशवरावांची नजर स्वयंपाकघराकडं वळली. "ते पिंप..."

"पिण्याचंय ते. हात लावून तर बघा!"

कालिंदीबाईंनी ओटीचं सामान उचललं आणि एसटी गाठली. दुपारी त्यांचा फोन आला.

"पोचले. ओटी भरली."

"आणि मी का आलो नाही, ते काय सांगितलंस?" मेव्हण्यापुढं इज्जतीचा प्रश्न होता.

"खरं तेच. पाण्यासाठी थांबलेत म्हटलं. सगळे हळहळले हो!"

केशवराव टँकरच्या रांगेत बादली घेऊन उभे होते. सगळ्यात शेवटी. पुढं चंपाबाई होत्या, आणि त्या मागं वळूनही बघत नव्हत्या.