चिंचोक्याचे दोन अर्धे

लग्नाच्या बैठकीत कोणी पत्रिका बाहेर काढली, की आमचे तात्या चिंचोका बाहेर काढतात.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. श्रीगोंद्याजवळ राहतात. साखर कारखान्यात वजनकाट्यावर उभी हयात गेली, आता निवृत्त आहेत. त्यांच्या खिशात चष्म्याचं घर असतं आणि त्यात चष्मा सोडून मधोमध फोडलेला एक चिंचोका. दोन अर्धे, पाठ काळी, पोट पांढरं. लहानपणी असल्या अर्ध्यांचे फासे करून आम्ही सगळेच खेळलो. तात्या अजून खेळतात, फक्त दुसऱ्यांच्या लग्नात.

“पत्रिका ऱ्हाऊ द्या, रक्त तपासलं का?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पारनेरच्या एका पाहुण्यांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. मुलाचे वडील पोह्यांची बशी सारून म्हणाले, आमच्या पोराला कसलाही नाद नाही. तात्या शांतपणे म्हणाले, “नाद नसंल, पन थॅलेसेमिया आसंल की.” हा नाद कुठल्या गावी मिळतो ते न कळल्यामुळे पाहुणे जास्तच चिडले. सोयरीक तिथेच मोडली.

तेव्हापासून बैठकीच्या दिवशी तात्यांना लांब ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. एकदा बोअरचं पाणी बघू म्हणून मी त्यांना शिवारात नेलं. ते वेळेवर बैठकीला परतले. मी वाट चुकलो.

आमच्या घराण्यात बसकं नाक, लवकर पडणारं टक्कल आणि मामाची मुलगी या तीन गोष्टी वारशानं येतात. पहिल्या दोन माझ्या तोंडावर दिसतात. तिसरीतून मी वाचलो, कारण मामाच्या मुलीनं पहिल्या दोन पाहूनच नकार दिला. तात्यांना मात्र तिन्ही मिळाल्या. काकी त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी.

यंदा पाळी माझ्या मुलीची, केतकीची होती. पुणतांब्याला दिलेल्या माझ्या बहिणीनं, अलकानं, केतकी जन्मली तेव्हाच आपल्या मुलासाठी, सागरसाठी धरून ठेवली होती. दोघांचं लहानपणापासून गूळपीठ. हरकत घेणारं कोणी नव्हतं, एक तात्या सोडून. त्यांचं तोंड बंद व्हावं एवढ्यासाठी आम्ही दोघांचं रक्त तपासून घेतलं.

थॅलेसेमियाचा दोष दोघांतही निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं. तुम्ही दोघं ठणठणीत आहात, राहाल. पण दोघांकडून तोच दोष मुलात उतरला, तर मूल आजारी. दर खेपेला चारात एक शक्यता. गरोदरपणात तपासणी करता येते, तेही सांगितलं. अलकाला त्यातलं ‘चारात एक’ एवढंच ऐकू आलं.

आमच्या नगरच्या घरी सगळे जमले तेव्हा ती म्हणाली, “चारात एक म्हनले ना? मग चार करतंय कोन? दोनच करू.”

मला ते पटलं. मी बी. कॉम. आहे.

तात्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि दोन्ही अर्धे टीपॉयवर ठेवले.

“ह्यो बापाचा, ह्यो आईचा. पांढरी बाजू म्हंजी दोष, येक जरी काळी पडली तरी लेकरू जगतंय. टाक.”

अलका हसली. तिनं टाकले. एक काळी, एक पांढरी. तिनं जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. तात्या म्हणाले, अजून टाक. दोन्ही काळ्या. ती खुशीत आली, न सांगताच पुन्हा टाकले. दोन्ही पांढऱ्या पडल्या.

मग अलका म्हणाली, “बरं झालं, तो येक निघून गेला. आता पुढचे सगळे चांगले.”

“मी बी ह्येच म्हनलो हुतो,” तात्या म्हणाले. “पयला गेल्यावर.”

तात्यांची दोन्ही मुलं गेली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. दोघांनाही दर महिन्याला रक्त भरायला एस. टी.नं नगरला आणायचे. पहिला गेला तेव्हा दुसरा पोटात होता, आणि हा चांगलाच निघणार म्हणून तात्यांनी तो जन्मायच्या आधीच गावभर पेढे वाटले होते.

“चिंचोक्याला मागचं आठवत न्हाई, आक्का,” ते अलकाला म्हणाले. “आपल्यालाच आठवतं. टाक.”

अलकानं हात मागे घेतला. तात्यांनी ते अर्धे केतकीपुढे सरकवले. तिनं ते निरखून पाहिले. दोन्ही एकाच चिंचोक्याचे, कडेला कड जुळणारे.

“आत्या,” ती म्हणाली, “मला नाही टाकायचे.”

सागर उठून बाहेर गेला. अलका आमच्याशी अजून बोलत नाही.

केतकीचं लग्न पुढे दुसरीकडे ठरलं. पत्रिकेआधी रक्ताचं मीच विचारलं, पाहुण्यांचा पडलेला चेहराही मीच पाहिला. निमंत्रण द्यायला श्रीगोंद्याला गेलो, तर तात्या दुपारचे ओट्यावर एकटेच चिंचोके टाकत बसलेले.

“आता कोणाची सोयरीक मोडताय?”

त्यांनी अर्धे पुन्हा गोळा केले. काकी दारात गहू निवडत होत्या. त्याच म्हणाल्या, “दोघं गेल्यावर तिसऱ्याला ह्ये नगं म्हनले. मी म्हनत हुते, बगू की. पन ह्यांची छाती झाली न्हाई.”

तक्रार नव्हती आवाजात. खडा दिसला, उचलून टाकला, एवढंच.

तात्यांनी अर्धे टाकले. एक पांढरी, एक काळी.

“बग,” ते काकींना म्हणाले, “ह्यो जगला आसता.”

काकींनी सूप खाली ठेवलं आणि वाकून पाहिलं.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “आन् नाक तुमचंच आसतं.”