उस्तादांना खिडकीचा एसी येत नाही

कामं वाटून देणारं नवं यंत्र एसी दुरुस्तीच्या कंपनीत आलं, त्या सकाळी एवेलिओ चार्रिसनं आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोसुद्धा चारचौघांत, हसत हसत.

आजवर बारांकिया शहरात कुणाचाही एसी बिघडला की फोन कचेरीतल्या नेरेइदाकडे यायचा. ती खिडकीतून अंगणात बघायची आणि जो मिस्त्री रिकामा दिसेल त्याला ओरडून पत्ता सांगायची. आता तो आरडाओरडा बंद. ज्याला जे काम येतं तेवढंच काम यंत्र त्याच्या मोबाइलवर पाठवणार होतं. त्यासाठी आपल्याला काय काय येतं यावर प्रत्येकानं एकदा खुणा करून द्यायच्या होत्या आणि त्यात स्वतःला पाचपैकी गुण द्यायचे होते. या शहरात दुसऱ्याला कामाला लावणाऱ्या माणसाला डॉक्टर म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे मंडळींनी पहिल्याच दिवशी यंत्राचं नाव 'डॉक्टरीणबाई' ठेवलं.

अंगणातल्या आंब्याखाली सगळे मोबाइल घेऊन बसले. बारांकियाच्या माणसाला 'मला येत नाही' असं म्हणता येत नाही. तुम्ही त्याला पत्ता विचारा, माहीत नसला तरी तो छातीठोकपणे सांगेल, वर थोडं अंतर सोबतही येईल. एवेलिओ तर सगळ्यांत जुना, सगळ्यांचा उस्ताद. त्यानं पहिली ओळ वाचली, 'खिडकीचा एसी', आणि खूण करायला बोट पुढे केलं.

"तुम्हीपण खिडकीचाच लिहिताय, उस्ताद?" शेजारून अरिस्तिदेस म्हणाला. "मी तेवढंच लिहिलंय. मला तेवढंच येतं."

अरिस्तिदेस मूळचा डोंगराकडचा. असलं काही उघडपणे कबूल करणं त्याच्याकडे लाजिरवाणं समजत नाहीत. पण एवेलिओच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्यांच्या माना त्याच्या मोबाइलकडे वळल्या होत्या.

"छे रे! खिडकीचा एसी म्हणजे नवशिक्यांचं काम," तो म्हणाला आणि बोट खाली सरकवलं. "हे बघ. मोठी शीतगृहं. पाचपैकी पाच!"

टाळ्या पडल्या. एवेलिओ शीतगृहात उभ्या आयुष्यात एकदाच गेला होता. तेही तरुणपणी, दुसऱ्या मिस्त्रीसाठी बॅटरी धरायला.

टाळ्यांच्या नादात एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नाही. खिडकीच्या एसीबरोबर देयानिरा पेर्तुसचं घरही गेलं होतं.

बारिओ आबाहो वस्तीत राहणाऱ्या देयानिराबाईंना वैधव्य येऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या खिडकीत एक म्हातारा एसी होता आणि तो दर महिन्याला न चुकता बंद पडायचा. नेरेइदा अंगणात न बघताच "उस्ताद!" म्हणून हाक मारायची. काम असायचं एवढंसं, मागची एक वायर सैल झालेली. ती आवळली की बाई कॉफी आणायच्या, मक्याच्या पिठाचा, अंडं भरून तळलेला गरम आरेपा आणायच्या, आणि दोघं बोलत बसायचे. बोलणं संपतच नसे. या बाईंना लग्नाचं विचारायचं, असं एवेलिओनं मनाशी पक्कं केलं होतं. दर महिन्याला तो ठरवून जायचा आणि दर महिन्याला आणखी एखादा स्क्रू आवळून परत यायचा.

पेटी घेऊन जाणं सोपं होतं. त्या गल्लीत संध्याकाळी प्रत्येक ओसरीवर डोलखुर्च्या निघतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची दखल घेतली जाते. पेटी हातात असली तर माणूस मिस्त्री, नसली तर लग्नाचा उमेदवार. उमेदवार म्हणून एकदा गल्लीत शिरलं की माघार नाही. एवेलिओला ते धाडस नव्हतं. म्हणून त्याची सगळी मदार पेटीवर होती.

आठवडा उलटायच्या आत डॉक्टरीणबाईंनी त्याला मासळीबाजारातल्या शीतगृहावर पाठवलं. सकाळीच सदरा अंगाला चिकटणाऱ्या त्या शहरात एवेलिओ लोकरी टोपी घालून निघाला. आत गेल्यावर दार मागून बंद झालं. ते आतून कसं उघडतात हे पाचपैकी पाच गुणांच्या माणसाला माहीत नव्हतं. थंडीनं आणि भीतीनं कासावीस होऊन त्यानं शीतगृहाच्या यंत्राला एक लाथ घातली, आणि कुरकुरणारं यंत्र सुतासारखं सरळ चालू लागलं. कोळणींनी दार उघडून त्याला बाहेर ओढलं, तेव्हा त्याच्या मिशीवर बर्फ होता.

"काय हात आहे हो तुमचा!" मालकीण म्हणाली आणि तिनं पाचही तारे देऊन टाकले.

तारे बघून डॉक्टरीणबाईंनी त्याला मटणाच्या कोठारावर धाडलं, तिथून आइस्क्रीमच्या कारखान्यात, तिथून परत मासळीवर. त्याला कायमची सर्दी जडली. कपड्यांचा वास जाईना, आणि रस्त्यानं चालताना मांजरं मागे लागायला लागली.

एक दिवस अरिस्तिदेस सहज म्हणाला, "ती बारिओ आबाहोतली बाई, तुमच्याबद्दल विचारत होती."

 एवेलिओ तडक नेरेइदापुढे जाऊन उभा राहिला.

"पोरी, देयानिराबाईंचं काम मला दे."

"मी कोण देणारी, उस्ताद? डॉक्टरीणबाई म्हणते, तुम्हाला खिडकीचा एसी येत नाही."

"मला? अगं, अर्ध्या कंपनीला मी शिकवलाय!"

"मग खूण का नाही केलीत?"

यावर एवेलिओ जोरात शिंकला.

"आता परीक्षा द्यावी लागेल," नेरेइदा म्हणाली. "परीक्षा घेणार अरिस्तिदेस. खिडकीच्या एसीत तारे सगळ्यांत जास्त त्याचेच. पण कार्निव्हल झाल्यावर. आत्ता कोण परीक्षा घेतंय?"

कार्निव्हलचा उत्सव जवळ आला की बारांकियात परीक्षाच काय, दाढदुखीसुद्धा लोक पुढे ढकलतात. एवेलिओ हात चोळत बसला. फोन करावा तर बोलायचं काय, बिघाड तर अरिस्तिदेस दुरुस्त करून आला होता. शेवटी एका रविवारी न राहवून तो बाईंच्या गल्लीत गेला. पेटी कंपनीच्या कुलपात होती, त्यामुळे हात रिकामे. मागे दोन मांजरं.

डोलखुर्च्या एकदम थांबल्या.

"काय उस्ताद, आज पेटी नाही?" कोपऱ्यावरच्या एल्विराबाईंनी विचारलं.

पेटी नाही, चांगला सदरा घातलाय, बाईंचं दार चार पावलांवर आहे. तेव्हा "नाही आणली" एवढं म्हणून पुढे गेला असता तरी पुष्कळ होतं.

"मांजरं फिरवायला आलोय," एवेलिओ म्हणाला आणि गल्लीतून थेट दुसऱ्या टोकाला निघून गेला.

कार्निव्हल आला, नाचला आणि गेला. परीक्षा झाली. अरिस्तिदेस गंभीर चेहऱ्यानं समोर बसला.

"खिडकीचा एसी बंद आहे. आधी काय विचारायचं?"

"बाईंची तब्येत."

"चूक."

"मागची वायर सैल झालीय का?"

"बरोबर. पास." अरिस्तिदेसनं मोबाइलवर खूण केली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "वायरवरून आठवलं. तुमच्या त्या बाईंकडची वायर आपोआप सैल होत नव्हती, उस्ताद. कुणीतरी हातानं करत होतं. मी बाईंना तसं सांगितलं, तर त्या लाल झाल्या, उंदीर म्हणाल्या. आता अशी बसवलीय की बैल जुंपले तरी निघायची नाही."

 इतक्या महिन्यांच्या त्या सैल वायरी एवेलिओला एकेक करून आठवल्या. किती मूर्ख आपण, असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की त्यानं परीक्षकाला मिठीच मारली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. डॉक्टरीणबाईंनी काम पाठवलं होतं. खिडकीचा एसी, बारिओ आबाहो, पेर्तुस. त्यानं पुढचं वाचलंच नाही. घरी जाऊन दाढी केली, मासळीचा वास जाईपर्यंत अंग घासलं आणि पेटी घेऊन निघाला.

देयानिराबाईंनी दार उघडलं. बैठकीत खोकी रचलेली होती. भिंतीवरच्या तसबिरी उतरलेल्या होत्या.

"या उस्ताद. एसी काढायचाय."

"काढायचा? म्हणजे?"

"लेकीकडे चाललेय, बोगोटाला. कायमची. तिथं एसी काय करायचा? लोक दिवसाढवळ्या स्वेटर घालतात."

एवेलिओनं पेटी खाली ठेवली. मग खिशातली लोकरी टोपी काढून पुढे केली.

"ही घ्या मग. थंडीत उपयोगी पडते."

बाईंनी ती नाकापाशी नेली आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले. "उस्ताद, हिला मासळीचा वास येतोय."

"धुतली होती हो."

"नेरेइदाला मी फोन करून विचारलं," टोपीची घडी घालत त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, हे काम येत नाही म्हणून उस्तादांनीच सांगितलंय. म्हटलं, बरोबर आहे. दर महिन्याला वायर सैल करायची म्हणजे... माणूस कंटाळणारच. मग लेकीला होकार कळवून टाकला."

"मला येतं, बाई."

"काय येतं?"

याच घटकेची त्यानं किती महिने तयारी केली होती. सगळी वाक्यं तोंडपाठ होती.

"खिडकीचा एसी," एवेलिओ म्हणाला.

देयानिराबाईंनी घडी केलेली टोपी एका खोक्यात ठेवली. मग म्हणाल्या, "कॉफीची भांडी बांधून झालीत हो, नाहीतर केली असती."

त्यानं एसी काढायला घेतला. अरिस्तिदेसनं बसवलेली वायर खरोखरच निघेना, अखेर कापावी लागली. बाईंनी मोबाइलवर बोट टेकवून त्याला पाच तारे दिले. डॉक्टरीणबाईंनी लगेच कळवलं की उस्तादांना आता खिडकीचा एसी उत्तम येतो.

एसी निघाला तिथं खिडकीत चौकोनी भोक पडलं. पलीकडे गल्ली होती, आणि सगळ्या डोलखुर्च्या तिकडेच तोंड करून होत्या.

"उस्ताद, आज आणलीत का पेटी?" एल्विराबाईंनी भोकातून विचारलं.

"आणलीय," एवेलिओ म्हणाला. आज नसती आणली तर बरं झालं असतं, हे त्याला तेव्हा कळलं.