सुभेदारतात्यांचा पासवर्ड

सुभेदारतात्यांच्या घरात शिरायचं असेल तर दोन गोष्टी कराव्या लागतात. दाराबाहेर उभं राहून आजचा पासवर्ड सांगायचा आणि आत गेल्याबरोबर आपला मोबाइल सोप्यातल्या काळ्या ट्रंकेत टाकायचा. हा नियम फक्त परक्यांसाठी नाही. सख्ख्या जावयालाही त्यातून सूट मिळालेली नाही.

तात्या फौजेत सिग्नलवाले होते, शत्रूचा वायरलेस ऐकण्याच्या कामावर. निवृत्त होऊन कुंडलला माझ्या शेजारी राहायला आले, ते पहारा सोबत घेऊनच. कडी वाजवली की आतून विचारणा व्हायची, "थम, कौन आता है?" मग 'घेवडा' किंवा 'बेदाणा', जो काही त्या दिवसाचा शब्द असेल तो आपण म्हणायचा. सकाळी दात घासता घासता तात्या तो मला कुंपणावरून सांगत, आणि इतक्या मोठ्यांदा, की दुधाला आलेल्या सगळ्यांना तो कळे. मी एकदा हे त्यांच्या नजरेला आणून दिलं.

"ती आपली माणसं हायत, मास्तर," तात्या म्हणाले. "माझा मोबाइल ट्रंकंत हुता न्हवं?"

त्या ट्रंकेचं झाकण जाड. आत एखादा फोन वाजला की पुरलेलं माणूस खालून हाक मारतंय असं वाटायचं. तात्या झाकणावर दोनदा टकटक करायचे आणि आपलं बोलणं पुढे चालू.

मी पलूसच्या कॉलेजात शिकवतो. वाद घातल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

"तात्या, लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?"

"न्हाणीचं दार लावून घेता न्हवं? आत काय चोरी करता का?"

"पण आपणच त्या लांबलचक अटींखाली 'मान्य' दाबतो की."

"म्या दाबलं, खरं हाय. माझ्या फोनमदी तुमचा नंबर, तुमच्या पोरीच्या लग्नातलं फोटू. तुमाला कुनी इचारलं?"

"बरं, आपल्या भाजीभाकरीच्या गप्पांत कुणाला रस असणार?"

इथे तात्या खुर्चीत पुढे सरकत. "आमी काय गुपितं ऐकायचो व्हय? समोरच्या पलटणीत भाकऱ्या किती भाजल्या, येवढं कळलं तरी लय झालं. माणसं किती, कवा हालणार, समदं त्यावरनं निघायचं. एका भाकरीला काय अर्थ न्हाई. रोजच्या भाकऱ्या कळल्या की माणूस कळला. आता ह्ये काम यंत्र करतंय, आनि त्येला झोप येत न्हाई."

मी हसायचो. तुमच्या शेवग्याच्या शेंगांपलीकडे या घरात चोरण्यासारखं काय आहे, असं म्हणायचो. पण घरी जाताना खिशातला फोन गरम लागायचा, आणि तो तर तासभर नुसता ट्रंकेत पडून असायचा.

या शिस्तीला जुमानत नसे असं एकच माणूस. तात्यांच्या पत्नी, शालनकाकी. त्यांचा मोबाइल कायम कनवटीला खोचलेला. रानात, गोठ्यात, चुलीपाशी. तात्या रागावले की म्हणायच्या, "माझं ऐकून कुनाचं पोट भरतंय?" संध्याकाळी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन त्या दारात आल्या, की आतून नेमाने "थम, कौन आता है?" व्हायचं. काकी दाराला तोंड लावून काहीतरी पुटपुटत. ते आमच्याकडे ऐकू यायचं नाही. दार मात्र तत्काळ उघडायचं आणि तात्या दोन्ही हात वर करून भारा उतरवून घ्यायचे.

काकी गेल्या. वर्षश्राद्धाला मुलगा विक्रम पुण्याहून आला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. जेवणं उरकून पाहुणे पांगले, दिवेलागण झाली, आणि सोप्यात आम्ही तिघेच उरलो. विक्रमने आपला फोन ट्रंकेत न टाकता ट्रंकेवर ठेवला.

"आबा, रागावू नका. आईनं मला पाठवलेले आवाजी निरोप होते, त्यावरनं यंत्राकडनं तिचा आवाज करून घेतलाय."

आणि काकी बोलल्या. "आवं, जेवलासा का? गोळी घेतली का?"

मला भीती वाटली, खरं सांगतो. तात्या मात्र ताठ झाले. आवाजाची नक्कल होते, हे ते आम्हाला कधीपासून सांगत होते.

"पासवर्ड बोल," ते म्हणाले.

 फोनमधून खालच्या आवाजात, थोडं धाप लागल्यासारखं, "पासवर्ड ठेवा तुमच्या ट्रंकंत. डोक्यावर वझं हाय, आधी दार उघडा."

तात्या उठले. कडी काढली, दार उघडलं आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. बाहेर कुणी नव्हतं. गोठ्यातली म्हैस मात्र मान वळवून दाराकडे बघत होती.

विक्रमचा चेहरा उतरला होता. "हे मी दिलेल्या निरोपांत नव्हतं," तो म्हणाला. "यंत्रानं अंदाज बांधला असेल. नाहीतर आईचा फोन..." आम्हा तिघांनाही काकींची कनवट आठवली.

तात्या आत येऊन बसले. "ह्ये दोघांतलं हुतं," ते म्हणाले. "तिसरं कोन न्हवतं तिथं. काढून टाक त्यो आवाज." सगळा जन्म पहारा दिलेल्या त्या माणसाचा आवाज बारीक झाला होता. मला फार वाईट वाटलं. विक्रमने आमच्यासमोर तो आवाज पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून हाक आली नाही. वाट बघून मीच डोकावलो. तात्या पायरीवर बसले होते, हातात काकींचा जुना फोन. तो तोंडाजवळ धरून ते हळूच एकच शब्द म्हणाले, "वैरण." मग मी दिसलो तेव्हा जरा ओशाळले.

"तात्या, पासवर्ड तुम्हीच फोनला सांगायला लागलात?"

"आवाज नगं, मास्तर. त्यो बनावट," ते म्हणाले. "पर आमचं बोलणं जर कुनी ऐकलंच आसंल, तर तिचं बोलणं आता त्याच्यापाशीच हाय. माझ्यापाशी कुठं हाय?"



त्यांनी फोन पदराच्या टोकाने पुसावा तसा धोतराच्या सोग्याने पुसला. "म्हनून रोजचा शब्द सांगून ठेवतो. डोक्यावर वझं घिऊन किती येळ भाईर हुबी ऱ्हाईल ती?"